रीडिंग

तेहेतीस वर्षं मी बडोद्यात विजेचे मीटर वाचले.
वाडी, रावपुरा, शेवटी बदली होऊन मांजलपूर.
म्हणून शलाकाने फाइल माझ्यापुढे टाकली.
बाबा, गाडीचं मी बघते, तुम्ही कागद बघा.

गाडी हायब्रिड, सात वर्षं वापरलेली, मोतिया रंगाची,
कारेलीबागेत केतुल अमीनच्या शेडमध्ये उभी.
कागद सात. वर्षाला एक तपासणी:
किलोमीटर, ब्रेकची जाडी, बॅटरीची तब्येत टक्क्यांत.

गोल आकड्यावर माझा विश्वास नाही.
वीस हजार, तीस हजार, असं कोणी जगत नाही.
इथे होतं तेरा हजार चारशे सत्त्याऐंशी,
मग सव्वीस हजार बारा.
बरं वाटलं. कोणीतरी खरंच वाकलं होतं काचेपाशी.

तिसऱ्या कागदावर, बॅटरीच्या पंख्यासमोर,
निळ्या शाईत: जाळीत कुत्र्याचे केस. साफ केले.
चौथ्यावर: पुन्हा केस. मालकांना सांगितले.
पाचव्यावर: केस. मालक हसले.
सहाव्यावर: जाळी स्वच्छ.
मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
काय झालं, शलाकाने विचारलं.
काही नाही, म्हटलं, जाळी स्वच्छ आहे.

सातव्यावर अक्षर बदललं.
बावीस रकाने, बावीस बरोबरच्या खुणा,
एकाच बाजूला कललेल्या, एका दमात मारलेल्या.
किलोमीटर: साठ हजार.
तारीख: विश्वामित्री लोकांच्या घरात शिरली
त्यानंतरचा अडतिसावा दिवस.

ही खूण मी ओळखतो.
एका जुलैत, सुमन दवाखान्यात होती तेव्हा,
मी एकशे दहा घरांचे आकडे
स्वयंपाकघरात बसून भरले होते.
मागच्या महिन्यात थोडं मिळवायचं, सगळ्यांना सारखं.
कोणाचं फार बिघडलं नाही.
फक्त एका बंद घराला,
जिथले आजोबा मार्चमध्येच गेले होते,
मी चौऱ्याऐंशी युनिट जाळायला लावली.

रविवारी गाडी चालवून पाहिली.
फतेगंजच्या पुलावरून उतरताना
शलाकाने ब्रेकवर पाय ठेवला
आणि पडद्यावरचा बाण उलटा फिरला:
चाकांकडून बॅटरीकडे.
मी तिला म्हटलं, पुन्हा कर.
माझ्या सगळ्या नोकरीत एकही मीटर
कोणाला काही परत देताना मी पाहिला नव्हता.
(एक दांड्या बाजारात पाहिला होता. त्याच्यावर केस झाली.)

शेडमध्ये असगर मिस्त्री थांबला होता.
काका, टायर पण नथी पलळ्युं, केतुलभाई म्हणाले
आणि चहा सांगायला उठले.
असगरने मागची सीट उचलली.
नारिंगी केबल, पुसून लख्ख केलेलं झाकण.
त्याने बोल्टच्या खाचेत नख घातलं
आणि बोट माझ्यापुढे धरलं.
करडी, मैद्यासारखी बारीक. नदीची.
शेजारी नमद्याच्या शिवणीत
एक आखूड पांढरा केस, पुराला पुरून उरलेला.

मशीन जोडलं. चौदा कप्पे.
तेरा एका सुरात, बारावा सव्वा व्होल्टने मागे.
चालेल, असगर म्हणाला, वरीस चालेल, आठवडाबी चालेल.
शलाका गाडीच्या छतावर हात ठेवून उभी होती.
रंग तिला आवडला होता.

मी केतुलभाईंकडे पेन मागितलं.
सातवा कागद बॉनेटवर पसरला, आत वाकलो,
आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग लिहिला:
एकाहत्तर हजार नऊशे सहा.
मागच्या सीटखाली गाळ. बारावा कप्पा अशक्त.
खाली तारीख, सही,
सवयीने बिल्ला नंबरही.

काका, तमे कोण, केतुलभाईंनी विचारलं,
आता जरा वेगळ्या आवाजात.
चहा आला होता. त्यात साय धरत होती.
मी पेनाला टोपण लावून
त्यांचं पेन त्यांना परत दिलं.